सीडीके पाइपलाइन्स: सिंथच्या वेळी काय ठरतं, डिप्लॉयच्या वेळी काय

प्रश्न थोडक्यात असा: चार सर्व्हिसेस आहेत, सगळं इन्फ्रा (सर्व्हर, डेटाबेस वगैरे) एडब्ल्यूएस सीडीकेमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरची संसाधनं कोडने मांडायच्या साधनात, टाइपस्क्रिप्टने लिहिलेलं आहे. डिप्लॉय मात्र एकाच सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून 'सीडीके डिप्लॉय' मारून होतो, आणि तो सहकारी आता नोटीस पीरियडवर आहे. दरम्यान डेव्ह (विकासासाठी), स्टेजिंग (चाचणीसाठी) आणि प्रॉड (खऱ्या वापरासाठी) अशी तीन वेगळी अकाउंट्स झाली आहेत. मग पाइपलाइनसुद्धा (कोड पुश झाला की आपोआप डिप्लॉय करणारी साखळी) सीडीकेमध्येच लिहावी का? लिहिली तर सुरुवात कुठून करायची आणि हात कुठे पोळतात?

लिहावी. कन्सोलवर क्लिक करत बनवलेली पाइपलाइन सहा महिन्यांनी कोणालाच समजत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण या विषयावरची निम्मी गाऱ्हाणी तिथूनच येतात. सीडीकेमध्ये दोन वेगळ्या वेळा असतात. एक सिंथची: तुमचा टाइपस्क्रिप्ट कोड चालतो आणि एडब्ल्यूएसच्या क्लाउडफॉर्मेशन या सेवेसाठी टेम्प्लेट्स तयार होतात. दुसरी डिप्लॉयची: ती टेम्प्लेट्स घेऊन क्लाउडफॉर्मेशन खरीखुरी संसाधनं उभी करतं, आणि तेव्हा तुमचा कोड कुठेही चालत नसतो. लॅपटॉपवरून एकाच कमांडमध्ये दोन्ही उरकतं, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. पाइपलाइनमध्ये या दोन वेळा वेगळ्या मशीनवर, वेगळ्या परवानग्यांनी येतात. मध्ये मंजुरी असेल तर त्यांच्यात दिवसांचंही अंतर पडतं.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. सीडीके २०१९ च्या जुलैमध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पाइपलाइन्स हे त्यातलं मॉड्यूल २०२१ च्या जुलैमध्ये स्थिर झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते मुख्य लायब्ररीतच मिळतं. या मॉड्यूलमधल्या क्लासचं नाव 'कोडपाइपलाइन', एडब्ल्यूएसच्या सेवेचं नावही कोडपाइपलाइन, आणि सीडीकेमध्ये त्या सेवेचा थेट कन्स्ट्रक्ट (सीडीकेमधला घडणीचा तुकडा) वेगळाच आहे, त्याचं नाव नुसतं 'पाइपलाइन'. नेटवरचं उदाहरण उचलताना वरची इम्पोर्टची ओळ बघा. थेट कन्स्ट्रक्टमध्ये प्रत्येक स्टेज, प्रत्येक ॲक्शन स्वतः मांडावी लागते. पाइपलाइन्स मॉड्यूलमध्ये तुम्ही 'हे ॲप, या अकाउंटला, या क्रमाने' एवढंच सांगता आणि बाकीची जुळवाजुळव ते करतं. सीडीके ॲप डिप्लॉय करायचं असेल तर पाइपलाइन्स मॉड्यूलच घ्या.

आता सुरुवात. आधी लगीन बूटस्ट्रॅपचं. पाइपलाइन ज्या अकाउंटमध्ये राहणार ते अकाउंट, आणि ती जिथे जिथे डिप्लॉय करणार ते प्रत्येक अकाउंट व रीजन, सगळे 'सीडीके बूटस्ट्रॅप'ने तयार करावे लागतात. यातून प्रत्येक ठिकाणी 'सीडीकेटूलकिट' नावाचा एक स्टॅक, म्हणजे एकत्र डिप्लॉय होणारा संसाधनांचा गट, उभा राहतो. त्यात फाइलींसाठी एसथ्री बकेट, डॉकर इमेजसाठी रिपॉझिटरी आणि पाच आयएएम रोल (परवानग्या असलेल्या भूमिका) असतात: डिप्लॉय करणारा, फाइली चढवणारा, इमेज चढवणारा, लुकअप करणारा, आणि क्लाउडफॉर्मेशन स्वतः जो वापरतं तो. डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉडला बूटस्ट्रॅप करताना 'ट्रस्ट' या पर्यायात पाइपलाइनच्या अकाउंटचा १२ अंकी क्रमांक द्यायचा, आणि सोबत क्लाउडफॉर्मेशनच्या रोलला कोणती पॉलिसी हे सांगायचं. इथे एक खाच आहे. पुढे दुसऱ्या एखाद्या अकाउंटवरही विश्वास ठेवायचा ठरला आणि पुन्हा बूटस्ट्रॅप करताना फक्त नवा क्रमांक दिला, तर जुना क्रमांक यादीतून जातो. दर वेळी पूर्ण यादी द्या. म्हणून बूटस्ट्रॅपच्या कमांड्स एका स्क्रिप्टमध्ये लिहून रिपॉझिटरीत ठेवा. टर्मिनलच्या हिस्टरीवर विसंबू नका.

पॉलिसीच्या जागी बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस देतात. मीही बहुधा तेच देतो, पण त्याचा अर्थ नीट समजून. मेन ब्रँचवर जो पुश करू शकतो तो आता प्रॉड अकाउंटमध्ये काहीही उभारू किंवा पाडू शकतो. म्हणजे प्रॉडचं कुलूप आयएएममधून उठून गिटच्या ब्रँच प्रोटेक्शनवर आलं. दोन जणांच्या रिव्ह्यूशिवाय मर्ज होत नाही ना, ॲडमिननाही त्यातून सूट नाही ना, हे त्याच दिवशी तपासा. सिक्युरिटीवाले या टप्प्यावर कुरकुरतात आणि त्यांचं बरोबर असतं.

मुंबई रीजनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक पुरवणी. क्लाउडफ्रंटला (वेबसाइट जगभर जलद पोहोचवणारी एडब्ल्यूएसची सेवा) लागणारं सर्टिफिकेट उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्येच असावं लागतं. तुमचं बाकी सगळं मुंबईत असलं तरी ते रीजनही बूटस्ट्रॅप करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी 'टूलकिट सापडत नाही' असं ऐकावं लागतं.

पाइपलाइनचा कोड फारसा मोठा नसतो. एक स्टॅक, त्यात कोडपाइपलाइन, तिला 'सिंथ' म्हणून एक शेलस्टेप. शेलस्टेपला सोर्स आणि कमांड्स द्यायच्या: एनपीएम सीआय, बिल्ड, सीडीके सिंथ. मग 'ॲडस्टेज' करत डेव्ह, स्टेजिंग, प्रॉड जोडायचे. वेगवेगळ्या अकाउंटला जायचं असल्याने 'क्रॉसअकाउंटकीज' चालू करा. ते मुळात बंद असतं, कारण त्यासाठी केएमएसची (एन्क्रिप्शनची) की बनते आणि तिचं महिन्याला एक डॉलर भाडं पडतं. सोर्ससाठी गिटहब कनेक्शन वापरा. कनेक्शन कोडने बनवलं तरी ते 'पेंडिंग' राहतं; कन्सोलमध्ये जाऊन एकदा हाताने मान्यता द्यावीच लागते. कोणाच्या वैयक्तिक टोकनवर पाइपलाइन उभी करू नका. तो माणूस गेला की टोकन जातं आणि पाइपलाइन मुकाट बसते.

पहिला डिप्लॉय हाताने करायचा, कोड पुश केल्यानंतर. पाइपलाइन उभी राहिली की तिचा सोर्स तुमच्या ब्रँचवरूनच घेते. तिथे हा कोड नसेल तर पहिलाच फेरा फसतो. त्यानंतर लॅपटॉपवरून डिप्लॉय बंद, सगळं पुशने.

उभ्या राहिलेल्या पाइपलाइनमध्ये क्रमाने सोर्स, बिल्ड, अपडेट पाइपलाइन, ॲसेट्स (सोबत चढवायच्या फाइली आणि इमेज) आणि मग तुमच्या स्टेजेस दिसतील. प्रत्येक स्टॅकसाठी दोन पायऱ्या असतात: चेंजसेट (होणाऱ्या बदलांची यादी) तयार करणं आणि तो अंमलात आणणं. यातली 'अपडेट पाइपलाइन' ही पायरी लोकांना जादू वाटते. तिथे पाइपलाइन नुकत्याच सिंथ झालेल्या टेम्प्लेटवरून स्वतःलाच डिप्लॉय करते. तुम्ही कोडमध्ये नवी स्टेज जोडली असेल तर ती इथे जन्माला येते आणि फेरा नव्या रूपात पहिल्यापासून सुरू होतो.

पण आता त्या दोन वेळा लक्षात ठेवा. सिंथच्या कमांड्स पाइपलाइनच्या आत, कोडबिल्डच्या (कमांड्स चालवणाऱ्या एडब्ल्यूएस सेवेच्या) प्रोजेक्टमध्ये साठवलेल्या आहेत. समजा तुम्ही इन्फ्राचा कोड एका नव्या फोल्डरमध्ये हलवला आणि त्याच कमिटमध्ये सिंथच्या कमांड्सही बदलल्या. पुश केलं की नवा कोड येतो, पण त्यावर जुन्या कमांड्स चालतात. जुन्या कमांड्सना जुना फोल्डर सापडत नाही, सिंथ फसतो, आणि पाइपलाइन स्वतःला बदलण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही. कमांड्स बदलण्यासाठी सिंथ व्हायला हवा, आणि सिंथ होण्यासाठी कमांड्स बदलायला हव्यात. उपाय दोन आहेत. पाइपलाइनचा स्टॅक एकदा लॅपटॉपवरून डिप्लॉय करायचा, किंवा आधी दोन्ही मांडण्यांवर चालतील अशा कमांड्स पुश करायच्या आणि कोड पुढच्या कमिटमध्ये हलवायचा. मी दुसरा मार्ग घेतो, पण पहिल्यासाठी लागणारी परवानगी दोन जणांकडे राखीव ठेवतो. अशी वेळ शुक्रवारी संध्याकाळीच येते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पाइपलाइनच्याच कोडशी झटापट चालू असते. तोवर 'सेल्फम्यूटेशन' (पाइपलाइनने स्वतःला बदलणं) बंद ठेवलं तरी चालतं.

आता तुमच्या बाबतीत सर्वात जास्त दुखणार आहे तो भाग. लॅपटॉपवरून डिप्लॉय करणाऱ्या टीममध्ये बहुधा 'स्टेज बरोबर प्रॉड' असं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन कमांड मारायची सवय असते, आणि कोडमध्ये जागोजागी 'स्टेज प्रॉड असेल तर मोठं मशीन, नाहीतर छोटं' असं लिहिलेलं असतं. पाइपलाइनमध्ये हे चालत नाही. सिंथ एकदाच होतो, आणि त्या एकाच सिंथमध्ये डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉड तिघांची टेम्प्लेट्स निघतात. तिथे व्हेरिएबलची किंमत एकच असणार, मग तिन्ही ठिकाणी छोटं मशीन. त्यामुळे पहिलं काम पाइपलाइन लिहिण्याचं नाहीच. 'प्रोसेस डॉट एन्व्ह' कुठे कुठे वाचलंय ते सगळं शोधून काढा आणि ती मूल्यं स्टॅकच्या प्रॉप्समधून (स्टॅक बनवताना द्यायच्या मूल्यांमधून) वरून खाली पाठवा. चार सर्व्हिसेससाठी याला आठवडा लागला तरी लागू द्या. हे न करता पाइपलाइन लिहिणारे शेवटी प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी वेगळी पाइपलाइन बनवतात आणि तीन ठिकाणी तीन चुका सांभाळत बसतात.

याच व्हेरिएबल्समध्ये पासवर्ड असेल तर आणखी गंभीर. सिंथच्या वेळी वाचलेली स्ट्रिंग टेम्प्लेटमध्ये जशीच्या तशी छापली जाते, आणि ते टेम्प्लेट बकेटमध्ये पडून राहतं. गुपितं सिक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवा आणि टेम्प्लेटमध्ये फक्त त्यांचा संदर्भ जाऊ द्या. खरी किंमत डिप्लॉयच्या वेळी उलगडते.

उलट दिशेची चूकही होते. बकेटचं नाव सिंथच्या वेळी अस्तित्वातच नसतं, कारण बकेट अजून बनलेली नसते. कोडमध्ये ते नाव विचारलं तर हाती एक टोकन येतं, 'इथे नंतर नाव भरा' अशी खूण. त्या टोकनवर 'नाव प्रॉडने सुरू होतं का' असा इफ लावला तर तो कायम खोटा ठरतो आणि एररही येत नाही. कोड तपासताना मी असे इफ आवर्जून शोधतो.

लुकअपचंही तसंच. 'व्हीपीसी डॉट फ्रॉमलुकअप' (व्हीपीसी म्हणजे अकाउंटमधलं खाजगी नेटवर्क) सिंथच्या वेळी अकाउंटला जाऊन विचारतं आणि उत्तर 'सीडीके डॉट कॉन्टेक्स्ट डॉट जेसन' या फाइलमध्ये साठवतं. पाइपलाइनमधल्या सिंथला तुमच्या प्रॉड अकाउंटमध्ये डोकावायची परवानगी मुळात नसते. म्हणून ती फाइल गिटमध्ये कमिट करायची असते. अनेक ठिकाणी ती गिटइग्नोरमध्ये टाकलेली आढळते, कुठल्या तरी टेम्पररी फाइलसारखी. सिंथच्या रोलला लुकअप रोल घेण्याची परवानगी देता येते, पण मग आज निघालेलं टेम्प्लेट उद्या त्याच कमिटवरून वेगळं निघू शकतं. मला ते पटत नाही.

आता माझ्या अंगावरची एक जखम. एका जुन्या प्रोजेक्टवर आम्ही चालू असलेले स्टॅक उचलून पाइपलाइनच्या 'स्टेज' क्लासमध्ये ठेवले. कोड तोच, एक ओळही बदलली नाही. पाइपलाइन हिरवी. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवाल्या ताई विचारत आल्या, 'स्टेजिंगचा डेटा कुठे गेला?' झालं असं होतं की स्टेजमध्ये गेलेल्या स्टॅकच्या नावामागे स्टेजचं नाव लागतं. क्लाउडफॉर्मेशनच्या दृष्टीने तो नवा स्टॅक, म्हणून त्याने नवा कोरा डेटाबेस बनवला आणि सर्व्हिस त्याला जोडून टाकली. जुना डेटाबेस तसाच होता, बिलसकट. स्टेजिंग होतं म्हणून निभावलं. तुमच्याकडे स्टॅक आधीच चालू आहेत, तेव्हा प्रत्येक स्टॅकला 'स्टॅकनेम' देऊन आत्ता असलेलंच नाव स्पष्ट लिहा. स्टॅकच्या आतल्या लॉजिकल आयडी (टेम्प्लेटमधली संसाधनांची नावं) स्टेजमुळे बदलत नाहीत. पण काही कन्स्ट्रक्ट्स पूर्ण पाथवरून नाव काढतात, म्हणून पहिल्या पुशआधी 'सीडीके डिफ' (चालू स्टॅक आणि नव्या टेम्प्लेटमधला फरक) चालवून तो ओळ न ओळ वाचा. 'रिप्लेस' हा शब्द दिसला की थांबा. डेटाबेस आणि बकेट्सना रिटेनची रिमूव्हल पॉलिसी (स्टॅक गेला तरी संसाधन राखणारी) आणि स्टॅकला टर्मिनेशन प्रोटेक्शन लावायला पाच मिनिटं लागतात.

स्टॅकमधल्या संदर्भांचा एक गुंता पाइपलाइनमध्ये जास्त जाचतो. एका स्टॅकमधली गोष्ट दुसऱ्याने वापरली की सीडीके गुपचूप एक्सपोर्ट (दुसऱ्या स्टॅकला वाचता येणारं मूल्य) बनवतं. पुढे दुसऱ्याने ती वापरणं सोडलं की सीडीके एक्सपोर्टही काढून टाकतं. पण डिप्लॉयला पहिला स्टॅक आधी जातो, आणि त्या क्षणी दुसरा अजून तो एक्सपोर्ट धरून बसलेला असतो. क्लाउडफॉर्मेशन नकार देतं. इलाज म्हणजे 'एक्सपोर्टव्हॅल्यू' वापरून तो एक्सपोर्ट एक फेरी जिवंत ठेवायचा आणि पुढच्या कमिटमध्ये काढायचा. पहिलं कमिट प्रॉडपर्यंत पोहोचल्याशिवाय दुसरं सोडू नका. आधीचा एखादा फेरा मंजुरीवर अडकल्याने पहिलं रांगेत थांबलं आणि नव्या फेऱ्याने त्याची जागा घेतली, तर प्रॉडला थेट दुसरंच मिळतं आणि तोच नकार तिथे येतो.

मंजुरी प्रॉड स्टेजच्या 'प्री'मध्ये मॅन्युअल अप्रूव्हल स्टेप म्हणून ठेवता येते. ती ७ दिवस वाट बघते आणि मग फेल होते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी मंजुरीवर काही लटकवून जाऊ नका. स्टेजिंगच्या 'पोस्ट'मध्ये एक स्मोक टेस्ट (सर्व्हिस जिवंत आहे का एवढं बघणारी) ठेवा. सर्व्हिसचा यूआरएल सिंथच्या वेळी माहीत नसतो, म्हणून तो स्टॅकमधून आउटपुट म्हणून बाहेर काढायचा आणि 'एन्व्हफ्रॉमसीएफएनआउटपुट्स'मधून शेलस्टेपला द्यायचा. मग एक कर्ल पुरतं. तेवढीही टेस्ट नसेल तर मंजुरी देणारा माणूस नुसतं बटण दाबतो.

सर्व्हिसेस ईसीएसवर (एडब्ल्यूएसची कंटेनर सेवा) असतील तर सर्किट ब्रेकर (फसलेला डिप्लॉय थांबवणारी सोय) रोलबॅकसह चालू करा. नाहीतर बिघडलेला कंटेनर पुन्हा पुन्हा उठतो आणि पडतो, क्लाउडफॉर्मेशन सर्व्हिस स्थिर होण्याची तीन तासांपर्यंत वाट बघतं, आणि तेवढा वेळ पाइपलाइन अडून राहते.

ॲसेट्सबद्दल थोडंच. मुळात प्रत्येक ॲसेटसाठी वेगळा कोडबिल्ड प्रोजेक्ट बनतो. लॅम्डा फंक्शन्स बरीच असतील तर 'पब्लिशॲसेट्सइनपॅरलल' बंद करा, एका प्रकारचे सगळे ॲसेट्स एका प्रोजेक्टमध्ये जातात. सिंथच्या वेळीच डॉकरने बंडलिंग होत असेल तर 'डॉकरएनेबल्डफॉरसिंथ' लागतं.

हे सगळं प्रत्येकाने घ्यावं असंही नाही. टीम पूर्णपणे गिटहब ॲक्शन्समध्ये रुळलेली असेल, तर तिथून ओआयडीसीने (कायमची चावी न ठेवता ओळख पटवण्याची पद्धत) रोल घेऊन 'सीडीके डिप्लॉय' चालवणं साधं आणि वाचायला सोपं पडतं. बूटस्ट्रॅप, लुकअप, टोकन, एक्सपोर्ट हे सगळं तिथेही तसंच आहे. फक्त स्वतःला बदलणारी पाइपलाइन नाही. तीन अकाउंट्स, चार सर्व्हिसेस आणि प्रॉडच्या चाव्या एडब्ल्यूएसबाहेर जायला नकोत अशी अट असेल, तर मी सीडीके पाइपलाइन्स घेईन.

राहिला तो नोटीस पीरियडवरचा सहकारी. आजवर तुमचा सिंथ त्याच्या लॅपटॉपवर होत आला आहे. म्हणजे प्रॉडमध्ये आज जे चालू आहे ते गिटमधल्या कोडवरून निघालेलंच असेल असं नाही. त्यात त्याच्या एन्व्ह फाइली, त्याची कॉन्टेक्स्ट फाइल, त्याच्या मशीनवरची नोडची आवृत्ती, आणि कदाचित 'नंतर पुश करतो' म्हणून राहिलेले दोन बदल मिसळलेले असतील. तो जाण्याआधी एक दुपार त्याच्या शेजारी बसा. त्याच्या मशीनवर तिन्ही एन्व्हायर्नमेंट्ससाठी 'सीडीके डिफ' चालवा. मग तुमच्या मशीनवर, गिटमधून ताज्या घेतलेल्या कोडवर, तेच करा. त्याचा डिफ कोरा आणि तुमच्यात काही दिसलं, तर प्रत्येक ओळ कुठून आली ते त्यालाच विचारा. दोन्हीकडे काही दिसलं, तर बहुधा शेवटचा बदल लिहून डिप्लॉय करायचा राहून गेला आहे. दोन्ही डिफ कोरे आले की पाइपलाइन लिहायला घ्या.